छताखालचे रेडिएटर

ठियोग, १४ सप्टेंबर २०२४

स्नेहलताई,

सफरचंदाच्या ट्रकमधून पत्र आलेलं बघून हसशील. पण तुझा मोबाईल अर्धा वेळ तात्यांच्या हातात असतो आणि माझा मेसेज आला की ते तो मोठ्याने वाचून दाखवतात. दुसऱ्याचं बंद पाकीट मात्र ते कधी उघडत नाहीत. मी नोकरी करतो त्या इथल्या कोल्ड स्टोअरचा माल घेऊन सुगत ड्रायव्हर तुर्भ्याच्या मार्केटात गंगारामकाकांच्या गाळ्यावर येतो. तिथून तात्या स्वतःच हे पाकीट तुझ्याकडे आणून देतील, आणि विषय त्यांचाच आहे.

ऐरोलीची आपली बिल्डिंग डिसेंबरअखेर रिकामी करायची. नवी उभी राहायला तीनेक वर्षं तरी जाणार. तोवर तात्या कुठे राहणार? तुझ्याकडे ते राहणार नाहीत. जावयाच्या घरी मुक्काम म्हटलं की त्यांना घास गिळवत नाही, मग मितेशभावजी कितीही आग्रह करोत. आई गेल्यापासून हा माणूस एकटा भात टाकतो, एकटा जेवतो. मला ते माझ्याकडे हवेत, ताई. अगदी मनापासून हवेत.

पण दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आले होते ते आठवतंय ना? आठवडा पुरा व्हायच्या आत निघाले. मार्केटात काम आहे म्हणाले. रिटायर झालेल्या माणसाला मार्केटात कसलं काम? थंडी सोसली नाही, दुसरं काय. जन्मभर कोल्ड स्टोरेजच्या चेंबरमध्ये पेट्या वाहिल्या, आणि आता मुलाच्या घरीही कुडकुडायचं, हे मला बघवलं नव्हतं.

म्हणून मी ठरवलंय. घराची दुरुस्ती काढलीच आहे, त्यातच सगळं घर गरम करायची पाइपलाइन टाकायची. मागच्या पडवीत लाकडावर चालणारा बॉयलर, तिथून प्रत्येक खोलीत गरम पाण्याचा पाइप, खोली तापवायला लोखंडी रेडिएटर, आणि त्यातून फिरून पाणी परत बॉयलरकडे. सिमल्यात एक जुनं हॉटेल पाडत होते, तिथून रेडिएटर उचलून आणलेत. बसवणार मी स्वतः. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून डोळे गेले. इथला प्लंबर म्हणतो, ‘भाईसाब, आप मत करो.’ राजेश्वरीही तेच म्हणते, फक्त मराठीत.

खोली गरम झाली की मगच तात्यांना ‘या’ म्हणेन. आधी विचारलं तर नाही म्हणतील, आणि तात्यांचं नाही म्हणजे विषय संपला. तोवर तू तोंड उघडू नकोस. सल्ला मात्र त्यांच्याकडूनच मागणार आहे. काय हवं, काय नको ते कळेल, आणि घर त्यांनाही आपलं वाटेल.

शिवतेज


ठियोग, १४ सप्टेंबर २०२४

तात्या,

पाया पडतो. फोनवर आपलं ‘जेवलास का, थंडी आहे का, ठेवू का’ एवढ्यावरच उरकतं, म्हणून कागदावर लिहितोय.

घर गरम करायची पाइपलाइन टाकतोय. चित्र काढून जोडलंय. काही गोष्टी तुमच्याकडून समजून घ्यायच्या आहेत. माणसाला थंडी आधी पायाला लागते की पाठीला? झोपताना अंगावर दोन गोधड्या जड होतात का? रात्री लघवीला उठलं आणि पायाखाली फरशी गार लागली, तर परत झोप लागते का?

प्रश्न विचित्र वाटतील. पण नीट विचार करून उत्तरं द्या, सगळं त्याच्यावर आहे.

तुमचा,
शिवतेज


ऐरोली, ४ ऑक्टोबर २०२४

शिवतेज,

आशीर्वाद आधी घे, रागावतो मग.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. डोकं चालेना, तेव्हा गंगारामला दाखवलं. तो म्हणाला, ‘बाबासो, पोरगं आजारी हाय तुजं. सरळ लिवत न्हाई एवढंच.’ मलाही तेच वाटतंय. पाठीला थंडी, गोधडी जड, रात्री उठणं, हे तरण्या माणसाचे प्रश्न आहेत का? तुला काय होतंय ते स्पष्ट लिही. लघवीचा त्रास असेल तर त्यात लाजायचं काही नाही.

आणि तिथली थंडी सोसत नसेल तर परत ये. कोणी हसणार नाही, हसला तर मी बघतो. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, नव्या फ्लॅटमध्ये मला एक खोली जास्त पाहिजे, मुलगा-सून यायची आहेत. सेक्रेटरी म्हणाले, ‘काका, प्लॅन पास होऊन गेला, आता कसली खोली वाढवताय?’ तरी मी अर्ज देऊन आलो. मार्केटात तुझ्यासाठी कामाचंही बोलून ठेवलंय. इथे जवळच द्रोणागिरीला नवीन गोडाऊन झालीत, तिथे तुझ्यासारखी माणसं लागतात.

मला विचारशील तर मला थंडी कुठेच लागली नाही. चेंबरमध्ये जॅकेट घालून थप्पी लावायची म्हणजे अंगातून घाम निघायचा.

चित्र काही कळलं नाही. तू बाण काढलेत, ते जातात आणि परत येतात. म्हणजे तेच पाणी परत येतं? मग अंघोळीला काय घेता? आणि रोज तेच तेच पाणी फिरवायचं, त्याला वास नाही का मारत? स्नेहलला दाखवलं तर ती चित्र बघून गप्पच बसली. तिलाही कळलं नसावं.

तब्येतीचं कळव. जिवाला घोर लागलाय.

तात्या


ठियोग, २० ऑक्टोबर २०२४

तात्या,

मी ठणठणीत आहे. मला कसलाही त्रास नाही आणि आम्ही परत येत नाही. कृपा करून तो अर्ज मागे घ्या. तुमचं पत्र वाचून राजेश्वरी इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मला मात्र कळेना की मी असं काय लिहिलं होतं. थंडी कुठेच लागली नाही असं तुम्ही लिहिता, तो तुमचा मोठेपणा. मी काय ते समजलो.

पाणी तेच फिरतं. ते अंघोळीचं नाही, प्यायचंही नाही. ते फक्त गरमी घेऊन खोलीत जातं, तिथे ती सोडतं आणि रिकाम्या हाताने परत येतं. वास मारत नाही.

काम निम्म्यावर आलंय. भिंतींना भोकं पाडली त्यातली दोन चुकीच्या खोलीत पडली. पंप उलटा बसवला होता, तो काढून पुन्हा बसवला. आता मोठा प्रश्न पूर्वेच्या खोलीचा. ती सगळ्यात चांगली खोली आहे. सकाळी ऊन थेट पलंगावर येतं, संडास-बाथरूम लागूनच आहे, पायरी कुठे नाही. तिथे दोन रेडिएटर लावायचेत. व्हिडिओत एक जण खिडकीखाली लावा म्हणतो, दुसरा म्हणतो आतल्या भिंतीला, तिसरा दोघांनाही वेड्यात काढतो. मला काही सुचेना झालंय. तुम्ही सांगाल तिथे लावतो. शब्दाबाहेर जाणार नाही.

आणि पलंगाची उशी कोणत्या बाजूला असावी तेही सांगा.

तुमचा,
शिवतेज


ऐरोली, ९ नोव्हेंबर २०२४

शिवतेज,

दिवाळीचे आशीर्वाद. स्नेहलने चिवडा दिलाय तो सुगतकडे देतोय. वाटेत तो डब्याला हात लावतो, मोजून घे.

तू आजारी नाहीस हे वाचून बरं वाटलं. पण मग मी विचारात पडलो. उन्हाची खोली, पायरी नाही, संडास जवळ. हे सगळं म्हाताऱ्या माणसासाठी चाललंय एवढं मला कळतं. राजेश्वरीच्या आईंचे गुडघे दुखतात, हे लग्नातच ऐकलं होतं. त्या राहायला येणार असतील तर चांगलंच आहे. जावयाने करावं, आजकाल कोण करतो? आधी सांगितलं असतंस तरी मला काही वाईट वाटलं नसतं. विहीणबाईंची उशी कोणत्या बाजूला ठेवायची ते मात्र त्यांनाच विचार, मी काय सांगू?

पण रेडिएटर कुठे लावायचे हे तू मला विचारलंस, त्याचं बरं वाटलं. इतक्या वर्षांत तू मला कुठली गोष्ट विचारून केलीस? नोकरी घेतलीस ती सांगितलीस, घर घेतलंस ते सांगितलंस. विचारलंस हे पहिल्यांदाच. म्हणून मी दोन दिवस त्याच्यावरच विचार केला.

वर लाव. अगदी छताला टेकवून. मी एवढी वर्षं चेंबरमध्ये काढली, थंडी सोडणारे कॉइल आणि पंखे सगळे वरच असतात. खाली असते तर पेट्यांची थप्पी आड आली असती आणि खालचा माल गार झालाच नसता. वरून सोडलं की सगळीकडे सारखं पसरतं. तुझ्या पाइपांचंही तसंच. व्हिडिओवाल्यांनी कधी चेंबर बघितलाय का? बिनधास्त वर लाव. फक्त भिंतीतले अँकर बोल्ट भक्कम मार, लोखंड जड असतं.

माझी काळजी करू नकोस. रबाळ्याला गंगारामच्या ओळखीत एक खोली बघितलीय. खालीच कारखाना आहे, थोडा आवाज येतो, बाकी चांगली आहे. एक जानेवारीपासून घेतोय.

तात्या


ऐरोली, १० नोव्हेंबर २०२४

शिव्या,

मी दोन महिने गप्प बसले, पण आता माझं डोकं आऊट झालंय. तात्यांना वाटतंय तू ती खोली सासूसाठी करतोयस. माझ्याकडे आले आणि चहा न पिता निघून गेले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, ‘काय नाय, पोरगा चांगला निघाला.’ आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता रे.

रबाळ्याची ती खोली मी आणि मितेश बघून आलो. खाली दिवसभर पत्र्याचं काम चालतं, दोन माणसं शेजारी उभी राहून बोलली तरी ऐकू येत नाही. तिथे ते तीन वर्षं काढणार? मला तर रात्री झोप नाही, नुसतं टेन्शन. माझ्याकडे राहा म्हणून पाया पडायची बाकी राहिलेय.

तुझे बाण आणि तुझे पाइप खड्ड्यात गेले. सरळ विचार ना त्यांना. नाही म्हणाले तर नाही म्हणाले, निदान तू विचारलंस एवढं तरी त्यांना कळेल.

ताई


ठियोग, १५ डिसेंबर २०२४

तात्या,

आज पहिल्यांदा बॉयलर पेटवला. पाणी कुठून गळत नाही, पंप फिरतोय, रेडिएटरला हात लावला तर चटका बसतो. आणि पूर्वेची खोली गार आहे.

तुम्ही म्हणालात तसेच दोन्ही छताला टेकवून लावले. प्लंबर हात जोडून उभा होता. राजेश्वरी म्हणत होती, ‘अहो, एकदा नीट विचार करा.’ मी म्हटलं, तात्यांनी सांगितलंय, ते तिथेच लागणार. शिडीवर चढलं की वर उन्हाळा असतो. वरच्या फळीवरच्या लोणच्याच्या बरणीला उबारा, तूप पातळ झालेलं, आणि आम्ही दोघं खाली मफलर गुंडाळून वर बघत बसलेले. पाइपात हवा अडकली असेल म्हणून हवा काढली. लाकडं वाढवली. काही फरक नाही. काय चुकतंय तेच कळेना. बाकीच्या खोल्यांत खिडकीखाली लावलेत, त्या गरम झाल्या.

मी खोली गरम झाल्यावरच लिहिणार होतो. ती होत नाही आणि डिसेंबर संपत आला, म्हणून आता लिहितो. तात्या, ती खोली तुमची आहे. विहीणबाई कऱ्हाडला मजेत आहेत, त्यांना यातलं काही माहीतही नाही. तुम्ही मागच्या वेळी थंडीमुळे परत गेलात ते माझ्या मनाला फार लागलं होतं. तेव्हापासून डोक्यात होतं की एक खोली अशी करायची की तुम्हाला जॅकेट घालावं लागू नये. एवढं साधं मला करता आलं नाही.

तरी विचारतो. खोली गार आहे, पण तुम्ही या. रबाळ्याला राहू नका.

शिवतेज


ऐरोली, २७ डिसेंबर २०२४

शिवतेज,

तुझं पत्र मी गंगारामच्या गाळ्यावरच उभ्याने वाचलं. तो विचारत होता काय झालं, काय झालं. मी पत्र खिशात टाकलं. तसाच चेंबरकडे गेलो. तिथली पोरं ओळखीची आहेत, दार उघडं होतं, माल निघत होता. मी दारात उभा राहिलो तर थंडी येऊन पहिली पायांवर पडली. गुडघ्याच्या वर काही नाही. पाय मात्र गारठले.

इतकी वर्षं त्या दारातून जा-ये केली आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही. थंडी खाली बसते, म्हणून कॉइल वर. तुझी तर गरमी आहे, ती वर जाते. ती खाली कशाला येईल? मी सगळंच उलटं सांगितलं. गंगारामला सांगितलं तर तो बाकड्यावर बसून हसला, म्हणाला, ‘आरं, धूर सुदिक वरच जातो की रं.’ मला हसू आलं नाही. तू एकदा विचारलंस आणि मी तुझ्या घराचा बट्ट्याबोळ केला.

आता दुसरं. मागच्या वेळी मी थंडीमुळे परत आलो नाही. मला थंडी लागत नाही हे मी लिहिलं होतं, तू ते मोठेपणाच्या खात्यात टाकलंस. मी आलो तर तुम्ही मला पलंगावर बसवलंत. चहा हातात, पाणी हातात. लाकडं आणायला उठलो तर राजेश्वरी म्हणाली, ‘तात्या, तुम्ही बसा.’ ताट उचललं तर तू म्हणालास, ‘तात्या, तुम्ही बसा.’ सगळं प्रेमाने, मला कळत होतं. पण ज्याने जन्मभर ओझं उचललं त्याला नुसतं बसवलं की तो आतून मरतो रे. मला वाटलं, इथे आपला काही उपयोग नाही, उगाच यांच्या पायात अडथळा. म्हणून निघालो. हे तोंडाने सांगता आलं नाही.

आता माझं काम निघालंय. ते रेडिएटर मी वर लावायला सांगितले, मीच ते खाली घेणार. तू हात लावू नकोस. एवढं लोखंड छतावरून उतरवायचं म्हणजे एकाने खाली खांदा द्यावा लागतो, ते तुला जमायचं नाही, पाठीत भरेल. प्लंबरलाही लावू देऊ नकोस. तसेच राहू देत. थोडे दिवस गारठा सोसा.

रबाळ्याची खोली सोडली. स्नेहलने गाडीचं तिकीट काढलंय, आठ तारखेचं. बिल्डिंग सोडल्यावर तोवरचे दिवस गंगारामकडे काढतो. ती तिकीट काढताना रडत होती, का ते विचारलं नाही. आल्यावर मला कोणी ‘बसा’ म्हणायचं नाही, हे राजेश्वरीलाही सांगून ठेव.

पलंगाची उशी दक्षिणेला.

तात्या


ठियोग, ४ जानेवारी २०२५

वन्सं,

हे पाकीट सुगत गंगारामकाकांकडे न देता सरळ तुमच्या दारात आणून देईल. तात्या निघायच्या आत मिळेल अशी आशा आहे. वाचलंत की फाडून टाका.

तात्यांना आम्ही एक गोष्ट सांगितलेली नाही. त्यांना पंधरा तारखेचं पत्र गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी प्लंबरला बोलावून घेतलं. मला त्या छताकडे बघवत नव्हतं. त्याने आणि यांनी मिळून दोन्ही रेडिएटर उतरवले आणि खिडकीखाली लावले. संध्याकाळपर्यंत खोली इतकी छान उबदार झाली की आम्ही आमची खोली सोडून तिथेच झोपायला लागलो. बाहेर बर्फ, आत मी साध्या साडीत. हे तर रोज एकदा पलंगावर बसून म्हणायचे, ‘तात्यांना आवडेल ना गं?’ तसं त्यांना कळवणारं पत्रही लिहून तयार होतं, ट्रक निघायची वाट बघत होतो.

काल तात्यांचं पत्र आलं. यांनी ते खिडकीशी उभं राहून दोनदा वाचलं. मला वाटलं, काही वाईट बातमी आहे. विचारलं तर पत्र माझ्या हातात दिलं आणि डोळे पुसत पडवीत गेले. मी वाचून होईतो त्यांनी बॉयलर विझवला होता आणि बादली लावून पाइपातलं पाणी काढायला घेतलं होतं.

आज सकाळी प्लंबर परत आला. त्याला काय सांगायचं हे आम्हा दोघांनाही कळेना. शेवटी हे म्हणाले, ‘ऊपर लगाना है, वापस.’ तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, ‘लगा दो भैया, पिताजी आ रहे हैं.’ तो बिचारा पाना घेऊन शिडीवर चढला.

आता दोन्ही रेडिएटर पुन्हा छताला आहेत. खिडकीखाली भिंतीला भोकं राहिली होती, ती मी चुन्याने बुजवली आणि पुढे पेटी सरकवून ठेवली. तात्यांना ते उतरवता यावेत म्हणून पाइपात पाणी भरलेलं नाही, बॉयलर विझलेलाच आहे आणि सगळं घर बर्फासारखं गार पडलंय. आम्ही स्वेटरवर स्वेटर घालून बसलोय.

तात्यांना गाडीत नीट बसवून द्या, आणि गाडी चुकू देऊ नका. ते येऊन रेडिएटर खाली घेईपर्यंत इथे आमचे दात वाजताहेत.

राजेश्वरी